नवव्या पत्र्याचे दोन मीटर

आमच्या गोदीत माणसाला दोन नावं असतात. एक आईबापांनी ठेवलेलं आणि दुसरं पोलादी ठशावरचं. माझा आकडा तीनशे चाळीस, माझ्या जोडीच्या कुगासानांचा दोनशे सतरा ('सान' म्हणजे आमच्याकडचं 'राव'). सांधा मारून झाला की वेल्डरने आपला ठसा हातोडीने त्याच्या शेजारी उमटवायचा. पुढे काही झालं तर मान कुणाची धरायची ते शोधत बसायला नको. जहाज भंगारात निघेपर्यंत तो आकडा तिथेच राहतो.

मी ज्या जहाजाबद्दल सांगतोय ते भंगारात निघायला अजून तीस वर्षं तरी आहेत. आम्ही बांधलेलं ते शेवटचं गोल टाक्यांचं जहाज. चार टाक्या, एकेक चाळीस मीटर रुंद, सगळी ॲल्युमिनियमची. आत गॅस भरायचा तो इतका गार करून, की त्याचं पाणी होतं. शून्याच्या खाली एकशे बासष्ट. त्या गारठ्यात टाकी आक्रसते, आणि सांध्यात सुईच्या टोकाएवढी खोट असली तरी तिथून गॅस वाट काढतो. म्हणून आम्हा टाकीवाल्यांना गोदीत मान होता. आता ही जहाजं कोरियात बांधतात, टाक्याही गोल राहिल्या नाहीत, आणि आमचा मान फार तर आमच्या बायकांना ठाऊक असेल.

मी डावखुरा. गोदीत लागलो तेव्हाचा मुकादम माझ्या डाव्या हातावर फूटपट्टी मारायचा. म्हणायचा, वेल्डिंगची टॉर्च उजव्या हातात धर, नाहीतर घरी जाऊन संत्री तोड. आमच्या तोमिहामा गावात ज्याला काही जमत नाही तो संत्र्याच्या बागेत जातो, असा समज आहे. महिनाभर मी उजव्या हाताने घाण करत राहिलो. एक दिवस कुगासान शेजारी येऊन बसले. तेव्हा ते जेमतेम चोवीसचे होते.

"काय रे डावऱ्या, जेवताना चॉपस्टिक कुठल्या हातात धरतोस?"

"डाव्या."

"मग धातूलाही डाव्या हाताने भरव. तो काही विचारत नाही कुठल्या हाताने भरवलंस म्हणून." आणि मुकादमाकडे वळून म्हणाले, "महिनाभरात याचा एकही सांधा फुटला तर माझी मान धरा."

फुटला नाही. त्या दिवसापासून मी डावऱ्याच राहिलो, पण त्यांच्या तोंडून ती शिवी वाटत नसे.

वेल्डिंगच्या रेघेवर खवले उठतात, माशाच्या अंगावरच्यासारखे. उजव्या हाताचा माणूस उजवीकडून डावीकडे जातो, म्हणून त्याचे खवले एका अंगाला पडतात. माझे उलट्या अंगाला. तपासनिसांना हे दिसत नाही, ते क्ष-किरणांचे फोटो बघतात आणि कागद बघतात. पण कुगासान लांबून बघून सांगायचे, "हा मासा उलटा पोहतोय, म्हणजे आमच्या डावऱ्याचा."

तर या शेवटच्या जहाजाच्या वेळी कुगासान त्रेसष्टचे होते. साठीनंतर कंपनीने वर्षावर्षाच्या कराराने ठेवून घेतलं होतं. मी सत्तावन्नचा. तिसऱ्या टाकीत आमची जोडी लागली. लांब लांब सांधे यंत्र मारतं. जिथे यंत्राची गाडी वळत नाही, तिथे माणसाचा हात लागतो. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी बघितलं, कुगासानांचा हात थरथरतोय. टॉर्च पेटवून तीनदा ते सांध्याजवळ गेले आणि तिन्ही वेळा मागे आले.

"काय झालं?"

"हाताला थंडी वाजते."

टाकीत छत्तीस अंश गरमी होती. डॉक्टरांनी त्या थंडीला लांबलचक नाव दिलं होतं, ते मला पुढे वहिनींकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून कळलं. त्यांनी स्वतः ते नाव कधी घेतलं नाही. गोदीत कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी हातात झाडू आला असता. अकरा जहाजांच्या टाक्यांत दोनशे सतराचा ठसा होता. बारावं शेवटचं, आणि त्यात तो नसावा हे मलाच बघवेना.

"द्या इकडे," मी म्हणालो. "दिवा धरा तुम्ही."

झालं, तिथून सुरू झालं. त्यांच्या वाटणीचे सांधे मी मारायचो आणि शेजारी ठसा त्यांचा पडायचा. हातोडीचा घाव त्यांना जमत होता, थरथरत्या हातानेसुद्धा. चार महिने चाललं. कुणाचं काही अडलं नाही, सांधे उत्तम होते, आणि मला आतून बरंच वाटत होतं. फूटपट्टीचे वळ फेडतोय असं वाटायचं.

सप्टेंबरात एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते म्हणाले, "डावऱ्या, एक मीटर मला दे."

"कसला मीटर?"

"सांध्याचा. सकाळी सात वाजता हात जरा स्थिर असतो. औषध घेतल्यावर तासभर. मला एक मीटर मारायचाय. शेवटचा."

"कुगासान, उगाच हट्ट कशाला? ठसा तुमचाच आहे ना सगळीकडे?"

"ठसा माझा आहे रे," ते डब्यातला मासळीचा वडा चिवडत म्हणाले, "पण त्याच्या शेजारी मी कुठे आहे?"

नवव्या पत्र्याजवळ दोन मीटरचा आडवा सांधा हाताने मारायचा उरला होता. ठरलं असं की मागचा मीटर, म्हणजे जहाजाच्या शेपटाकडचा, मी मारायचा, आणि पुढचा त्यांनी.

माझा मीटर शुक्रवारी होता. त्याच संध्याकाळी वादळ येणार म्हणून भोंगे वाजत होते. टाकीच्या तोंडावरची ताडपत्री सुटली होती आणि दमट वारा आत घुसत होता. ॲल्युमिनियमला ओल चालत नाही. ओल लागली की आत बुडबुडे राहतात, जाळीदार पावासारखे. म्हणून टाकीत हवेतली ओल दाखवणारा एक काटा लावलेला असतो. टॉर्च पेटवायच्या आधी त्याच्याकडे बोट दाखवायचं, आकडा बघायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "योशी!" म्हणजे ठीक आहे. शेजारच्यानेही बोट दाखवून तेच म्हणायचं. दोघं म्हणाले की काम सुरू. आमच्याकडे आगगाडीच्या ड्रायव्हरपासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळे असं बोट दाखवून बोलतात. चाळीस वर्षं तेच केलं की मग तोंड एकटंच बोलायला लागतं.

कुगासान तार आणायला खाली गेले होते. मला घरी जाऊन खिडक्यांच्या फळ्या ठोकायच्या होत्या. मी बोट दाखवलं, "योशी" म्हणालो. शेजारी कुणी नव्हतं, म्हणून दुसऱ्यांदाही मीच म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. काटा कुठे होता ते आज मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण मी बघितलंच नाही. हे मला तेव्हा आठवलंही नाही. अर्ध्या तासात मीटर मारला आणि पळालो.

शनिवारी वादळ सरलं, हवा कोरडी झाली. मला मुकादम ओचीने पत्र्याच्या छपरांच्या दुरुस्तीला लावलं. सोमवारी मी टाकीत आलो तर कुगासान मचाणावर बसले होते, तोंडभर हसत.

"मारला."

"एकटे?"

"एकटाच. कुणाला दिवा धरायला लावला नाही. श्वास रोखून धरत होतो रे, म्हातारा बुडतोय असं वाटलं असतं बघणाऱ्याला."

मी लांबूनच बघितलं. मचाण उतरवायला माणसं येऊन उभी होती. म्हणालो, "छान आहे." खरं सांगायचं तर मनात म्हणालो, देवा, निभू दे. फोटोत दोन्ही मीटर पास झाले.

जानेवारीत जहाज पहिला गॅस भरून बघायला गेलं आणि आठवड्यात परत आलं. तिसऱ्या टाकीभोवतीच्या पोकळीत हवा हुंगणारं यंत्र ओरडलं होतं. टाकी रिकामी केली, ऊब दिली, बाहेरून साबणाचं पाणी लावत माणसं फिरली. नवव्या पत्र्याच्या हातसांध्यावर एक बुडबुडा फुगला. एक फुटला की सावकाश दुसरा फुगायचा. ठसा दोनशे सतरा.

मला ही बातमी ओचीने जेवणघरात दिली. "नववा पत्रा, हातसांधा, कुगा," एवढंच म्हणाला. कुठल्या टोकाला, हे मी विचारलं नाही. मला माहीतच होतं ना!

मी तापट माणूस आहे. कपाटांच्या खोलीमागे कुगासानांना गाठलं आणि जे तोंडाला आलं ते बोललो.

"मी म्हणत होतो ना? नको म्हणत होतो ना? एका मीटरसाठी अडून बसलात! चार महिने मी तुमच्यासाठी घाम गाळला, एक खोट राहू दिली नाही, आणि तुम्ही एका सकाळीत सगळ्यावर पाणी फिरवलंत!"

ते सिगारेट काढत होते. ती पाकिटातून निघेना. मी काढून दिली नाही.

"हातच तो," ते म्हणाले. "दगा देतो."

"हात नाही, हट्ट! आता सगळ्या गोदीचं तोंड काळं झालं. शेवटच्या जहाजाला!"

"हो," ते म्हणाले. "ते झालं खरं."

माझ्याकडे त्यांनी एकदा नीट बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, म्हणून मला अजून राग आला. मी निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवरची कवायत झाल्यावर चारशे माणसं तशीच रांगेत उभी राहिली. जहाजमालकाचा माणूस आणि आमचे मोठे साहेब पायऱ्यांवर. कुगासान पुढे आले. हेल्मेट काढून काखेत धरलं. "माझ्या हातून चूक झाली. सर्वांची माफी मागतो," एवढं म्हणून कमरेत वाकले. किती वेळ वाकून राहिले ते मी मोजलं नाही. उजवा हात त्यांनी पॅन्टच्या शिवणीला असा घट्ट दाबून धरला होता, की तो थरथरताना कुणाला दिसला नसेल. मला दिसला. आणि मी मनात म्हणालो, बरं झालं.

त्याच दुपारी त्यांनी ठसा ओचीच्या टेबलावर ठेवला आणि ते घरी गेले. करार मार्चपर्यंत होता, पण कुणी थांबा म्हटलं नाही.

दुरुस्ती माझ्याकडे आली. आणखी कुणाकडे येणार? मालकाच्या माणसाने अट घातली होती की टोकापुरता तुकडा नको, दोन्ही मीटर आतून पूर्ण काढून नव्याने मारा. टाकीत पुन्हा मचाण उभं राहिलं. जानेवारीची थंडी, दिव्यांच्या माळा, आणि एवढ्या मोठ्या गोळ्यात मी एकटा. खाली कुणी खोकलं तरी वर घुमायचं.

मी पुढच्या मीटरपासून सुरुवात केली, कुगासानांच्या. राग अजून उतरला नव्हता. ग्राइंडर असा दाबला की ठिणगीच्या जागी चंदेरी भुगा उडायला लागला. एक थर काढायचा, लाल रंग लावायचा, पुसायचा, कुठे भेग रंग पितेय का ते बघायचं. काही नाही. आणखी एक थर. काही नाही. बोटाएवढं खोल गेलो, पुढे वीतभर सरकलो, हातभर सरकलो. धातू दुधासारखा स्वच्छ. मी म्हटलं, असेल पुढे. ऐंशी सेंटिमीटर. नव्वद. एक मीटर संपला आणि एक टाचणी बसेल एवढंसुद्धा छिद्र नाही. असा सांधा मी आयुष्यात फार तर दहा वेळा मारला असेन. आणि तो मी घासून टाकला होता, शेवटच्या थरापर्यंत.

मग मी तोंडावरची काच वर केली आणि दिवा मागच्या मीटरकडे नेला.

खवले उलट्या अंगाला होते.

दिवा दुसऱ्या बाजूने धरून बघितला, जणू त्याने मासा वळणार होता. मग ग्राइंडर लावला. पहिल्या थराखाली काही नव्हतं. दुसऱ्याखाली लाल रंगाचा एक ठिपका राहिला, मग दुसरा, आणि मग पंधरा सेंटिमीटर लांब, फोटोतून निसटलेली बारीक जाळी, पावासारखी. वादळाची संध्याकाळ तिथे आत बसून होती. तेव्हा मला तो काटा आठवला. बोट आठवलं. दोनदा म्हटलेलं योशी आठवलं.

अजून वेळ होता. ग्राइंडर बंद करून खाली हाक मारायची, तपासनिसाला वर आणायचं, दाखवायचं की हे बघा, हे खवले डाव्या हाताचे आहेत, हा माणूस मी आहे. पाच मिनिटांचं काम. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, असं म्हणायचं. मी स्वतःला सांगितलं, तसं केलं तर दोनशे सतराचे सगळेच सांधे खोटे ठरतील, सगळ्या टाकीत मचाण चढेल, जहाज उन्हाळ्यापर्यंत अडकेल, कुगासानांची आणखी बदनामी होईल. हे सगळं खरंच होतं. पण ते कारण नव्हतं. कारण एवढंच, की माझी पाचावर धारण बसली होती. मला कवायतीच्या मैदानावर वाकायचं नव्हतं.

मी पुन्हा काच खाली केली आणि खवले घासून टाकले. सगळे. मग दोन्ही मीटर नव्याने मारले, तीन दिवसांत. प्रत्येक वेळी काट्याकडे बोट दाखवलं आणि प्रत्येक वेळी आकडा वाचला. शेवटी माझा ठसा घेऊन तीनशे चाळीस उमटवला. जुना दोनशे सतरा घासून काढायचा नियम आहे, तो काढला.

वसंतात जहाज गेलं. दोनशे सतराच्या उरलेल्या सगळ्या सांध्यांचे फोटो त्यांनी पुन्हा काढले होते. एकातही खोट निघाली नाही. असायचं कारण नव्हतं, ते माझे होते. सुरक्षा सप्ताहात मला प्रशस्तिपत्र आणि घड्याळ मिळालं, बिकट परिस्थितीत निर्दोष दुरुस्ती केल्याबद्दल. बायकोने ते टीव्हीच्या वर लावलं.

त्या समारंभानंतर ओचीने साकेचे दोन पेले जास्त घेतले आणि माझ्या खांद्यावर हात टाकला.

"काही म्हण, कुगा म्हातारा कडक होता. मी बातमी सांगितली तर हूं नाही की चूं नाही. फक्त एक विचारलं."

"काय?"

"बुडबुडा पुढच्या मीटरवर आला की मागच्या. मी म्हटलं मागच्या. तर म्हातारा हसला रे! हसून म्हणाला, 'असं होय. मग माझीच चूक.' आता यात हसण्यासारखं काय होतं?"

मी म्हणालो, "कोण जाणे." पेला संपवला. म्हणजे कपाटांच्या खोलीमागे मी त्यांना फाडून खात होतो तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.

जानेवारीपासून दहा महिने मी त्यांच्याकडे गेलो नाही. त्यांच्या गल्लीवरून जायचं टाळण्यासाठी सायकलने बंदराला वळसा घालायचो. साठीला आलेला घोडा, शाळा चुकवणाऱ्या पोरासारखा. शेवटी नोव्हेंबरात वहिनींचा फोन आला. "भावोजी, तुमची आठवण काढतात. आता फार बोलता येत नाही त्यांना. आलात तर बरं होईल."

मी रविवारी सकाळी गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि माझ्या हातातली संत्र्यांची पेटी बघून म्हणाल्या, "अहो, संत्र्यांच्या गावात संत्री?" मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

कुगासान चाकांच्या खुर्चीत होते, अंगावर गोदीचंच जाकीट. चेहरा आखडला होता, पण डोळे तेच.

"डावऱ्या," ते म्हणाले. एकेक शब्द सावकाश यायचा. "वेळेवर आलास. चल."

"कुठे?"

वहिनी म्हणाल्या, "धक्क्याच्या भिंतीवर. आज ते जहाज जायचंय. समोरच्या किनाऱ्यावर गॅस उतरवायला येतं ना, दर तीन आठवड्यांनी. यांनी वेळापत्रक पाठ केलंय. पाऊस असो, ऊन असो, न्यावंच लागतं. मी म्हणते, तुम्हाला ज्या जहाजाने घरी बसवलं त्याचं तोंड काय बघता?"

"तोंड नाही," कुगासान म्हणाले. "पोट."

मी खुर्ची ढकलत त्यांना भिंतीपर्यंत नेलं. वहिनी आम्हाला सोडून मासळीबाजारात गेल्या. थंड ऊन पडलं होतं. भिंतीपाशी खुर्चीची कळ लावली आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसलो, वाळूत.

"कुगासान, तो मागचा मीटर—"

"नको."

"मला सांगू द्या. काटा मी बघितलाच नव्हता. आणि मग तुम्हाला मीच—"

"ऊठ. लोक बघतायत." त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला, तो हवेतच हलत राहिला. "मागचा मीटर... माझा. ठसा माझा होता. तुझा सांधा फुटला तर माझी मान, असं मी... तेव्हाच बोललो होतो."

चाळीस वर्षांपूर्वी महिनाभरासाठी बोलले होते ते. मला रडू आलं. मी वाळूत मान घालून बसलो. सांगायला लाज वाटत नाही, हमसून रडलो. त्यांनी मला रडू दिलं.

मग ते म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा."

"पुढचा मीटर. माझा. तो कसा होता?"

मी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्याची एक शीर हलत नव्हती, पण डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते, पहिल्यांदा सांधा मारून मुकादमाच्या तोंडाकडे बघणाऱ्या माणसाचे लागतात तसे. वर्षभर घरात बसून त्यांनी एवढंच धरून ठेवलं होतं. मालकाच्या माणसाने काय अट घातली, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते आधीच घरी गेले होते.

"स्वच्छ," मी म्हणालो. "दुधासारखा. असा सांधा मी बघितला नाही, कुगासान."

"म्हणजे... हात लावावा लागला नाही?"

"नाही," मी म्हणालो. "तसाच आहे. तुम्ही मारलात तसा."

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले, कारण समुद्रावरून भोंगा ऐकू आला होता. बेटाच्या मागून आधी जहाजाचं तोंड निघालं आणि मग एकामागून एक टाक्यांचे पांढरे घुमट. पहिला. दुसरा. तिसरा बाहेर आला तसे ते खुर्चीत ताठ झाले. उजवा हात उचलला. तो इतका हलत होता की त्यांनी डाव्या हाताने मनगट धरलं, आणि एक बोट तिसऱ्या घुमटावर रोखलं.

"योशी," ते म्हणाले. त्या दिवसभरात एवढा स्पष्ट शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.

बोट तसंच धरून ते थांबले. माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, एकाने म्हटलं की दुसऱ्याने म्हणायचं असतं, नाहीतर काम सुरू होत नाही.

जहाज सावकाश पुढे सरकत होतं. मी डावा हात उचलला, बोट दाखवलं, आणि म्हणालो.